डोक्यावरची माती

धारच्या दरबारानं विठोबाच्या पणजोबाला नगारा वाजवण्याबद्दल सरदारपूरच्या वाटेवर पाच बिघे जमीन दिली होती. शेजारचं शेत आमचं. आता तिथून मोठा रस्ता जाणार म्हटल्यावर माझा भाचा राजवीर, जो तालुक्याचा पुढारी आहे, विठोबाच्या जमिनीतले दोन बिघे आपले म्हणू लागला.

जुनी रीत मीच त्याला हौसेनं सांगितली होती. शिवेचा वाद पडला की शेताच्या धन्यानं त्याच शेताची माती डोक्यावर घेऊन आपली शीव चालायची. जिथं थांबेल तिथं त्याची हद्द संपली.

मे महिन्यात भर दुपारी पंच जमले. विठोबा ऐंशीचा.

"पटवारीला बोलवा ना, भैयासाहेब," तो राजवीरला म्हणाला.

"पटवारी तर आपलाच माणूस आहे, काका. उद्या तुम्हीच म्हणाल, बेइमानी केली. त्यापेक्षा देवाची मोजणी बरी."

पंच हसले. विठोबानं मातीची पाटी डोक्यावर घेतली. तीन बाजू तो बरोबर जुन्या खुणांवरून चालला. चौथ्या बाजूला बाभळीपाशी कोसळला. राजवीरनं आधी तिथं खुंटा ठोकवला, मग पाणी मागवलं. तोवर विठोबा गेला होता.

तरुण नावाचा त्याचा मुलगा माझ्याजवळ आला. "बाईसाहेब, बाबांच्या जागी मी चाललो असतो तर?"

म्हाताऱ्याच्या जागी मुलानं चालायची मुभा असे. मला ते सकाळपासून आठवत होतं.

"नाही," मी म्हणाले. "तशी रीत नव्हती."