सहा की आठ

माझं नाव नेलिमा. केनियातल्या किमिलिलीच्या बाजारात माझं छपाईचं दुकान आहे. टी-शर्ट, बॅनर, पाट्या. गेल्या वर्षी मी स्वतःचा एक फॉन्ट बनवला. फुगीर पोटाची, कुठल्यातरी यानातून उतरल्यासारखी अक्षरं. अक्षराच्या आतल्या पोकळीच्या जागी नुसती चीर, डोक्यावर अँटेना. आधी तो सलूनच्या पाटीवर चढला, मग केकवालीच्या डब्यांवर, मग अर्ध्या गावाच्या मोटरसायकलींच्या मडगार्डवर. लोक थांबून बघायचे, हसायचे. मी हवेत होते.

आमच्या मुलींच्या फुटबॉल संघाने फायनलसाठी जर्सी मागितल्या, तेव्हा आकडेही मी त्यातच छापले. सहा नंबर माझ्या धाकट्या बहिणीचा, नंजालाचा. आठ नंबर कगेहाचा. छापताना मला दिसलं होतं, की इंग्रजी 6 ची वरची चीर एका बाजूला उघडी आहे आणि 8 ची बंद. फरक तेवढाच. जर्सी हात लांब करून धरली तर तोही दिसेना. पण पोरी दारात उभ्या राहून नाचत होत्या. मी गप्प बसले आणि पुढची जर्सी घेतली.

सामना शनिवारी दुपारी होता. नैरोबीच्या एका मोठ्या क्लबची बाई खेळाडू निवडायला आली होती. ती एकच मुलगी नेणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही एका गोलने पुढे होतो. नंजाला आणि कगेहा, दोघींना एकेक पिवळं कार्ड मिळालेलं. आमचे प्रशिक्षक म्वालिमू मकोखा रेषेवरून ओरडत होते, "पाय आवरा गं! आणखी एक कार्ड मिळालं की बाहेर बसाल!"

ऐंशीव्या मिनिटाला समोरच्या संघाची विंगर चेंडू घेऊन सुटली. नंजालाने मागून पाय घातला. विंगर कोसळली, तिच्यावर कगेहा धडपडली, तिघींचा ढीग झाला. पंचबाई लांबून शिटी फुंकत धावत आल्या. आमच्या दोघी पाठमोऱ्या उठत होत्या. पंचबाईंनी पाठीकडे बघितलं, वहीत बघितलं. आधी पिवळं काढलं, मग लाल.

"आठ. बाहेर."

"मी?" कगेहा किंचाळली. "मॅडम, मी नुसती अंगावर पडले हो!"

"आकडा बघितलाय मी. चल."

समोरच्या पोरींना जोर चढला. "जा गं मंगळावर! यान थांबलंय तुझ्यासाठी!"

कगेहाने नंजालाकडे बघितलं. नंजाला खाली बसून बुटाची नाडी बांधत होती. नाडी सुटलेली नव्हतीच.

दोनच मिनिटं गप्प राहायचं होतं. फ्री किक झाली की पंचांना निर्णय बदलता आला नसता. माझी बहीण मैदानात राहिली असती, आणि ती नैरोबीची बाई तिच्याकडेच बघत होती. कगेहा चालायला लागली. तिचे खांदे हलताना दिसले आणि मी रेषा ओलांडली.

"मॅडम, थांबा!"

"ही कोण? बाहेर हो, नाहीतर सामना बंद करीन."

"हे आकडे मी छापलेत. सहा आणि आठ लांबून सारखेच दिसतात. चूक माझी आहे."

"आता रडायला लागले!" त्यांची कॅप्टन म्हणाली. "आकडे तुमचे, दुकान तुमचं, मग बोंब कसली?"

पंचबाईंनी दोघींना पाठमोरं उभं केलं, चाळीस पावलं मागे गेल्या आणि रेषेवरच्या पंचाला विचारलं, "डावीकडची कोण?"

"आठ," तो म्हणाला.

डावीकडे नंजाला होती.

"मग पाय कुणी घातला?" पंचबाईंनी मलाच विचारलं.

मी नंजालाच्या पाठीकडे बघितलं. नंजाला मागे न वळता म्हणाली, "सांग ना. एवढी धावत आलीस तर सांगून टाक."

"नंजालाने," मी म्हणाले.

पंचबाईंनी कगेहाचं कार्ड मागे घेतलं आणि नंजालाला बाहेर काढलं. ती माझ्या शेजारून गेली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

पुढचं सांगायलाही जड जातं. शेवटच्या मिनिटाला त्यांनी बरोबरी साधली. पेनल्टीवर गेलं. शेवटची किक कगेहाची होती. ती खांबाला लागली आणि आम्ही हरलो. आणि नैरोबीच्या बाईने निवडली ती लंगडत फिरणारी त्यांची विंगर.

दुसऱ्याच दिवशी मी सगळ्या जर्सींवर साधे, ठसठशीत आकडे छापून दिले. सलूनची पाटी तशीच राहिली. तिथे शोभते ती.

नंजाला नऊ दिवस माझ्याशी बोलली नाही. मक्याच्या घट्ट उकडीचं, उगालीचं ताट घेऊन पाठ करून जेवायची. आई म्हणाली, "बहिणीला बुडवून काय मिळवलंस?"

दहाव्या दिवशी ती दुकानात आली. स्टुलावर बसली आणि बराच वेळ कापडाच्या गठ्ठ्याशी चाळा करत राहिली.

"तू आली नसतीस," ती शेवटी म्हणाली, "तर मी बोलले असते का गं?"

"मला काय ठाऊक?"

"मलाही नाही. तेच टोचतंय."

मी थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला. तिने प्यायला. संध्याकाळी ती सरावाला निघाली ती नेहमीच्या रस्त्याने नाही, कगेहाच्या घरावरून जाणाऱ्या लांबच्या रस्त्याने.