हौदावरच्या ढालीचं फूल

मी सांब्रोल गावची दगडी ढाल बोलतेय. फ्रान्सच्या नकाशावर हे गाव भिंग घेऊन शोधावं लागतं. धुण्याच्या हौदाला जी कमान आहे, तिच्या माथ्यावर गावचं मानचिन्ह म्हणून मला बसवलंय.

आन्सेल्म पाथरवटाच्या आजोबांनी मला घडवलं. खाली लाट कोरली, ती आमच्या नदीची. मधे किल्ली, गावाच्या सामायिक पावभट्टीची. वर तीन पाकळ्यांचं फूल. ते पाणथळीत उगवतं आणि त्याच्या पात्यांनी इथल्या बायका खुर्च्या विणतात. माझ्याखाली धुणं बडवता बडवता त्या अख्ख्या गावाची लक्तरंही धुवायच्या. मला सगळं ऐकू यायचं.

क्रांतीत राजाचं डोकं उडालं त्या वर्षीच्या ऑक्टोबरात एक अधिकारी आला, बरोबर दोन शिपाई आणि कैद्यांची गाडी. राजाची, जमीनदारांची, चर्चची सगळी चिन्हं फोडायचा हुकूम होता. फोडायला त्याने आन्सेल्मलाच बोलावून घेतलं.

"किल्ली कसली? चर्चची?"

"भट्टीची," आन्सेल्मची आई पेरीन धुणं बडवत म्हणाली. "आम्ही पाव खातो, साहेब. तुमच्याकडे काय खातात?"

बायका हसल्या. तो हसला नाही. "साहेब नाही, नागरिक म्हणायचं. आणि वर ही राजाची लिली कशी?"

"कुठली लिली? आमच्या पाणथळीचं फूल आहे ते."

"मग आणून दाखव."

फुलं जूनमध्येच सरली होती. एकीने धावत जाऊन सुकलेली पाती आणली, ती त्याने हौदात भिरकावली.

"आन्सेल्म, फूल फोड, नाहीतर गाडीत बस."

त्या गाडीत बसलेलं कुणी आजवर परतलं नव्हतं.

आन्सेल्म शिडीवर चढला. छिन्नी माझ्या पाकळीला टेकली आणि तिथेच थांबली. मीही घाबरले होते, खोटं कशाला बोलू?

"आजोबांचं काम आहे, आई. हात उचलवत नाही."

सगळ्यात जास्त भांडलेली पेरीनच शिडीपाशी आली. "मार," ती म्हणाली. "फूल जूनमध्ये परत येईल. तू येशील का?"

त्याने डोळे मिटून घाव घातला.

तेव्हापासून माझ्या माथ्यावर खळगा आहे. आता सरपंचबाई म्हणतात, तिथे नवं फूल बसवू, पाहुण्यांना बरं दिसेल. बाई, तो खळगा बुजवू नका. त्या घावामुळे आन्सेल्म घरी गेला, पुढे त्याला मुलं झाली, आणि तुम्ही त्यांच्याच वंशातल्या आहात.