धनपाल आप्पांची शुद्ध मराठी

निपाणीच्या धनपाल आप्पांना दोन गोष्टींचा मनापासून अभिमान होता. एक म्हणजे त्यांच्या शेतातली तंबाखू आणि दुसरी मराठी. तंबाखूसाठी त्यांनी आयुष्यभर कंबर मोडून घेतली होती. मराठी आईच्या कुशीत आयती मिळाली होती. तरी अभिमान मराठीचाच जास्त. तरुणपणी सीमाप्रश्नाच्या आंदोलनात ते हिंडलग्याच्या तुरुंगात जाऊन आले होते. सुटून आल्यावर गावानं गळ्यात हार घातला, तो फोटो अजून सोप्यात तीर्थंकरांच्या फोटोखाली लटकत होता. पाहुणा आला की आप्पा त्याला बरोबर फोटोसमोरच्या खुर्चीत बसवत.

लेक अनुराधा पुण्यात नोकरीला. तिनं तिथलाच स्वरूप नावाचा मुलगा पसंत केला, तेव्हा आप्पा मनातून हरखले. पोरगी थेट महाराष्ट्रात चालली होती. स्वरूपची आई मंजुश्रीताई बोलणी करायला निपाणीला आल्या. त्यांनाही फोटोसमोरच बसवलं. पोहे झाले, चहा झाला, आप्पांनी तंबाखूपासून तुरुंगापर्यंत सगळं सांगितलं. निघताना मंजुश्रीताई अगदी कौतुकानं म्हणाल्या, "तुमचं मराठी छान आहे हो. कर्नाटकात राहून इतकं चांगलं बोलता, बरं वाटलं ऐकून."

गाडी गेली. आप्पा दारातच उभे.

"आत या की," त्यांची बायको त्रिशलाबाई म्हणाल्या.

"ऐकलंस न्हवं काय म्हणाली ती?"

"चांगलं म्हणाली की बाई. वाईट काय त्यात?"

"अगं, पाण्यातल्या माशाला कोण म्हणतं का, तुमी पवता छान म्हणून?"

रात्रभर त्यांनी कूस बदलली. सकाळी उठले ते निश्चय करूनच. पुण्याच्या माणसांना पुढच्या खेपेला या घरात अशी मराठी ऐकवायची, की त्यांनी आपली तपासून बघावी. 'लई' बंद, 'खूप' सुरू. 'न्हाय' म्हणायचं नाही, 'नाही' म्हणायचं. आणि कानडीचा एक शब्द घरात उच्चारायचा नाही. हे शेवटचं त्रिशलाबाईंना अवघड होतं. त्यांचं माहेर चिकोडीकडचं, घरात कानडी. देवाशी आणि म्हशीशी त्या अजून कानडीतच बोलत.

"म्हशीला मराठी कळत न्हाय," त्या म्हणाल्या.

"कळत नाही, असं म्हणावं."

"तेच म्हणते, कळत न्हाय तिला."

अनुराधा त्या आठवड्यात घरून काम करत होती. ती लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "आप्पा, कानडी सगळंच काढायचं म्हटलं तर आप्पा म्हणणं बी सोडावं लागंल. अण्णा, आक्का, सगळं तिकडलंच म्हणतात. तूप बी."

"तूप?"

"तूप."

आप्पांनी दुपारी जेवताना एकदा 'घृत' म्हणून मागून बघितलं. त्रिशलाबाईंनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि आप्पांना भात कोरडा खावा लागला.

पुढच्या रविवारी मंजुश्रीताई आणि स्वरूप परत आले. लग्नाच्या साड्या बेळगावात, वडगावच्या तम्मण्णा विणकराकडं घ्यायच्या ठरल्या होत्या. अनुराधाला काम होतं, ती घरीच थांबली. स्वरूप गाडी चालवायला, शेजारी पांढरी टोपी कडक करून आप्पा, मागं दोघी बायका. निघताना अनुराधा काचेशी वाकून म्हणाली, "आप्पा, आज शांतीनं घ्या."

"आम्ही नेहमीच शांततेने घेतो," आप्पा म्हणाले. रेडिओवर बातम्या लागल्यासारखं वाटून स्वरूपनं चमकून बघितलं.

संकेश्वर येईपर्यंत आप्पांनी हवामान, ऊस आणि वाहतूक या विषयांवर शुद्ध वाक्यं बोलून घेतली. प्रत्येक वाक्यानंतर ते जरा दमत होते. संकेश्वरजवळ रस्त्याचं काम चालू होतं, म्हणून गाड्या बाजूच्या अरुंद रस्त्यावरून सोडल्या होत्या. आणि तिथं उसाचा ट्रॅक्टर आडवा. मागची ट्रॉली सुटून तिरकी झाली होती आणि ड्रायव्हर बांधावर बसून ऊस खात होता.

स्वरूप उतरून हिंदीत बोलला. ड्रायव्हरनं मान हलवली. मंजुश्रीताई काच खाली करून म्हणाल्या, "अहो, जरा बाजूला घेता का?" ड्रायव्हरनं पुन्हा मान हलवली आणि कानडीत काहीतरी सांगितलं. तो म्हणत होता, मालकाला फोन केलाय, तो येईपर्यंत मी हात लावणार नाही. आप्पांना शब्दन् शब्द कळला. आप्पा समोर बघत राहिले.

"काका, तुम्ही बोलून बघा ना कानडीत," स्वरूप म्हणाला.

"आम्हाला फारसं येत नाही."

त्रिशलाबाईंनी मागून नवऱ्याच्या मानेकडं असं बघितलं, की मानेला ते जाणवलं. पण आप्पा हलले नाहीत. पाठीमागं हॉर्न वाजायला लागले. एक बस, दोन टेम्पो, पाच-सहा मोटारसायकली.

तेवढ्यात ड्रायव्हर शेजारच्या मजुराला कानडीत म्हणाला, "त्या पांढऱ्या टोपीच्या म्हाताऱ्याला बघ. रस्ता आपल्या बापानं बांधल्यासारखा बसलाय."

दार उघडलं. टोपी बाहेर आली.

"एनंदी?" आप्पा गरजले. काय म्हणालास?

पुढं जे झालं ते मंजुश्रीताईंना कळलं नाही, पण दिसलं. आप्पांचे हात, भुवया, टोपी, सगळं बोलायला लागलं. सकाळपासून वाक्य जुळवून दमलेला माणूस आता श्वास घ्यायलाही थांबत नव्हता. त्यांनी ड्रायव्हरला झापलं, त्याच्या मालकाला झापलं. मग एकदम आवाज उतरला, कारण ड्रायव्हरनं आपलं नाव आण्णाप्पा आणि गाव सांगितलं आणि ते गाव त्रिशलाबाईंच्या माहेरच्या शिवेला लागून निघालं. त्रिशलाबाई गाडीतून उतरल्या. आण्णाप्पाची आत्या त्यांच्या गल्लीत दिलेली. म्हातारी अजून बरी आहे, गुडघे तेवढे गेलेत, हेही कळलं. पाच मिनिटांत आप्पा धोतर खोचून ट्रॉलीखाली, आण्णाप्पा पलीकडं, स्वरूप आणि टेम्पोवाले मागून रेटा देत. खटका बसला, ट्रॉली सरळ झाली.

आण्णाप्पानं उसाचं एक चांगलं मोठं कांडकं तोडून मंजुश्रीताईंच्या हातात दिलं. मग आप्पांकडं बघून मोठ्या कौतुकानं कानडीत काहीतरी म्हणाला आणि ट्रॅक्टर घेऊन गेला.

आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"काय म्हणाला तो?" मंजुश्रीताईंनी विचारलं.

आप्पा गाडीत बसले, टोपी झटकली. खोटं सांगायची त्यांची ताकद संपली होती. "म्हणाला, मराठी माणूस असून कानडी छान बोलतासा."

गाडी थोडी पुढं गेली. मंजुश्रीताईंचे कान हळूहळू लाल झाले. "म्हणजे मी त्या दिवशी तुम्हाला..."

"व्हय. तसंच."

"अहो, मी चांगल्या मनानं म्हटलं हो."

"त्यो बी चांगल्या मनानंच म्हणाला की. त्येचीच तर पंचाईत हाय."

स्वरूपला हसू आवरेना. आप्पा मात्र खरंच विचारात पडले होते. "हिकडं गेलं तर आमी तिकडचं, तिकडं गेलं तर आमी हिकडचं. मग अभिमान धरायचा तो कशाचा? तुरुंगात गेलतो ते वायाच म्हणायचं का?"

"वाया कशानं?" त्रिशलाबाई मागून म्हणाल्या. "पोरीला मराठी शाळा मिळाली, ती तुमी भांडलासा म्हणून. ते काम झालं. त्यो फोटो पुसा हवा तेवढा. पण मराठी घरात जन्मलासा, त्यात तुमचं काय कर्तृत्व? ते तुमच्या आईचं."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग ते म्हणाले, "पाणी दे जरा. लई घसा सुकला."

वडगावात तम्मण्णाच्या घरी माग बंद ठेवून साड्यांचा ढीग मांडला गेला. मंजुश्रीताईंना अंजिरी हवी होती, त्रिशलाबाईंना हिरवी. दोघी एकीकडं पदर ओढत, दुसरीकडं एकमेकींना 'तुम्ही घ्या' म्हणत कुणीच मागं हटत नव्हतं. आप्पा बाहेरच्या कट्ट्यावर येऊन बसले. अनुराधाचा फोन आला.

"आप्पा, सगळं नीट ना? काय बोललासा त्यांच्यापुढं?"

"तोंडात आलं ते बोललो."

"आणि सासूबाई?"

आप्पांनी दारातून आत बघितलं. मंजुश्रीताईंनी हिरवी साडी मांडीवर घेतली होती आणि दुसऱ्या हातात त्या कांडक्याचं उरलेलं टोक अजून होतं.

"सोलायला काय न्हाय म्हणून दातानंच ऊस सोलला बाईनं, वडगाव येईपर्यंत," ते म्हणाले. "दात लई बळकट हायेत. भांडू नको तिच्याशी."