दोन ते चारचा पहारा

सरांनी चोराला पडद्याआड उभं केलं आणि व्हिडिओ गेमचा कंट्रोलर मांडीवर ठेवून वाट पाहत बसले. टीव्हीवरचा पहारेकरी दालन ओलांडून खिडकीशी गेला, जांभई दिली आणि मागे वळला.

"बाबा, लोळवा ना त्याला! रस्ता मोकळा होईल," जावई म्हणाला.

"का? त्यानं माझं काय घोडं मारलंय?"

हवेलीतून एक नकाशा पळवायचा, एवढंच काम. कसा, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला आणखी काय हवं? सरांनी तोच नकाशा छपरावरून नेला, तळघरातून नेला, आचाऱ्याचा अंगरखा घालून तर समोरच्या दारानं नेला. पहारेकऱ्यांना मात्र ते मनसोक्त नावं ठेवत. हा नेहमी डावीकडूनच वळतो. असला पर्यवेक्षक परीक्षेला मिळाला तर अख्खा वर्ग पहिल्या श्रेणीत.

हृदयाच्या शस्त्रक्रियेला तीन आठवडे झाले होते. अजून तीन आठवडे घराबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. जावयानं वेळ जावा म्हणून हा खेळ लावून दिला, आणि वेळ जातही होता. पण सरांचा जीव थाऱ्यावर नव्हता. शाळेतल्या जुन्या सोबत्याचा, चित्रकलेच्या मास्तरांचा, रोज दहाच्या ठोक्याला येणारा फोन अकरा दिवस आला नव्हता.

"काका मुलाकडे गेलेत. तिकडे रेंज नसते," मुलीनं सांगितलं होतं.

सरांनी मान डोलावली होती. त्या मुलाशी मास्तरांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं.

खेळात एक गंमत होती. दाराआड पुरेसा वेळ गप्प उभं राहिलं की पहारेकरी आपणहून सगळं बोलून टाकत. दुसऱ्या दिवशी सकाळी सर अनवाणी पायांनी स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभे राहिले. आपल्याच घरात चोरासारखं उभं राहायची त्यांना लाज वाटली, पण ते हलले नाहीत.

"काकूंचा फोन होता," मुलगी नवऱ्याला सांगत होती. "डॉक्टरांनी हात टेकलेत. आजचा दिवस म्हणाले. काका सारखे बाबांना विचारतायत."

"मग सांगूया ना बाबांना."

"वेडा आहेस का? हे ऐकून त्यांना काही झालं तर?" तिचा आवाज फुटला. "दोन गल्ल्यांवर तर आहे इस्पितळ. ते चालत निघतील रे."

सर भिंतीला धरून खोलीत परतले. त्यांना रडायचं होतं, पण रडलं की टाके ओढत. त्या सकाळी त्यांनी टीव्ही लावलाच नाही. दर पाच मिनिटांनी उठत, दारापर्यंत जात, परत येऊन बसत.

"आज खेळत नाही तुम्ही?" मुलीनं विचारलं.

"कंटाळा आला."

ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग जेवायला वाढते म्हणाली.

जावई एक वाजता कामावर गेला. रोज दोन ते चार मुलीची घरूनच ऑफिसची मीटिंग असे. बैठकीच्या खोलीत, दाराकडे पाठ करून, कानात इयरफोन घालून ती लॅपटॉपसमोर बसे. तेवढाच पहारा चुकवायचा होता. अडीच वाजता सर चपला हातात घेऊन निघाले. टेबलाच्या कडेनं, मग कपाटाच्या, मग भिंतीच्या. मुलगी मधूनमधून "हो, हो" म्हणत होती. छातीत धडधडत होतं. ते भीतीनं की अशक्तपणानं, हे त्यांना कळेना. कडीला हात लागला तसं त्यांनी एकदा मागे पाहिलं.

लॅपटॉप बंद होता. त्याच्या काळ्या पडद्यात मुलीचा चेहरा दिसत होता, डोळे पुसून पुसून लाल झालेला. आणि तिच्या खांद्यामागे चपला हातात घेतलेले ते स्वतः.

तिनं मान वळवली नाही.

"हो, ऐकतेय मी," ती बंद लॅपटॉपला म्हणाली. "चारपर्यंत परत यायला हवं. जिन्यानं नाही, लिफ्टनंच." तिनं इयरफोन कानात नीट बसवला. "आणि तिसरा मजला. खोली बारा."

सरांनी चपला खाली टाकल्या. फरशीवर चांगला मोठा आवाज झाला. त्या पायात घालून त्यांनी कडी काढली.