हार्ड डिस्कमधला आत्मा

लक्ष्मीपुरीतल्या आमच्या चिंचोळ्या गल्लीत त्या सकाळी एवढी गर्दी उसळली होती, की माझ्याच फोटो स्टुडिओत शिरायला मला "सरका की ओ पावणं" म्हणावं लागलं. सगळ्यांच्या माना समोरच्या बसम्मावहिनींच्या डीटीपी सेंटरकडे, म्हणजे कॉम्प्युटर टायपिंगच्या दुकानाकडे, वळलेल्या. आत टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्या डब्याची एक बाजू उघडी, डब्यावर झेंडूची माळ आणि समोर डोळे मिटून बसलेले यंत्रेश्वर महाराज.

"बटण दाबा," महाराज म्हणाले.

बसम्मावहिनींनी बटण दाबलं. पंखा घरघरला. पडदा काळाच राहिला आणि त्यावर इंग्रजीत पांढरी अक्षरं उमटली.

"आलं! आलं!" गल्लीतून ओरडा झाला. फुलवाल्या झुंबरबाईंनी दोन्ही गाल बडवून घेतले. "काय लिवलंय ओ त्येनं?" त्यांनी मला विचारलं.

"डिस्क सापडत नाही, असं लिहिलंय."

"म्हंजे बिचारं अजून शोधतंयच!"

हे 'बिचारं' म्हणजे बसम्मावहिनींचा नवरा, विरूपाक्ष. गोष्ट २००१ सालची. आदल्या वर्षी तो हृदयविकारानं गेला. गडी मोठा छंदिष्ट होता. सीमाभागातल्या मराठी आणि कानडी बोलींत एकमेकींचे किती शब्द मिसळलेत, याचा कोश तो करत होता. रविवार आला की स्वारी नेसरीला नाहीतर आजऱ्याला. म्हाताऱ्या माणसांशी गप्पा मारायच्या, शब्द गोळा करायचे आणि सोमवारी कॉम्प्युटरवर चढवायचे. त्याच्या माघारी वळवाच्या विजेनं त्याचा कॉम्प्युटर जळाला. हार्ड डिस्क, म्हणजे सगळं काम ज्यात साठतं ती चपटी पेटी, तेवढी वाचली. कोशाची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

वहिनींनी मेकॅनिककडून ती डिस्क आपल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये बसवून घेतली आणि तेव्हापासून तो सुरूच होईना. विरूपाक्षची डिस्क काढली की सुरू, जोडली की बंद! मेकॅनिकनं डोकं खाजवलं. "दोन्ही डिस्क चांगल्या हायत. का चालंना, ते देवालाच ठावं," म्हणून तो निघून गेला.

वहिनींचा दीर प्रभुलिंग भोळा माणूस. त्यानं मेकॅनिकचं म्हणणं शब्दशः धरलं आणि जोतिबाच्या वाटेवर मठ थाटलेल्या यंत्रेश्वर महाराजांना जीपमधून घेऊन आला. उसाच्या चरकातलं भूत काढण्यात महाराजांचा लौकिक होता.

"बाळांनो," महाराजांनी डोळे उघडले, "करंट म्हणजे काय? आत्म्याची तार! विरूपाक्षचा जीव या डबीत अडकलाय. बायकोनं आपल्या यंत्राला हात लावलेला त्याला खपत नाही. गुंडू, वस्त्र आण."

गुंडू हा त्यांचा आडदांड शिष्य. त्यानं डब्यावर भगवं कापड पसरलं, विभूती वाहायला म्हणून स्वतःचं डोकंही आत घातलं. महाराजांनी "ॐ व्होल्ट व्होल्ट स्वाहा" असलं काहीतरी पुटपुटत नारळ ओवाळला. बटण दाबलं आणि कॉम्प्युटर सुरळीत सुरू झाला. पडद्यावर निळं आभाळ दिसताच टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आत्मा नारळात घेतलाय. पण ही डबी त्याचं घर. घर राहिलं तर तो परत येणार." गुंडूनं पुन्हा विभूती वाहिली, पुन्हा बटण दाबलं, पुन्हा काळा पडदा! "बघा! आज मावळतीला डबी पंचगंगेत सोडा. आणि बाईंनी या धंद्याला हात लावू नये. यंत्र मठात आणून द्या. आम्ही सांभाळू."

वहिनी डब्याला बिलगून उभ्या राहिल्या. "भाऊजी, त्यांचं एवढं काम पाण्यात घालू म्हणता?"

प्रभुलिंगनं हात जोडले. "वैनी, दादाला मुक्ती नको व्हय?"

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत संघप्रियाबाई आल्या. जवळच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. चाचणीच्या प्रश्नपत्रिका टाईप करून न्यायला आल्या होत्या. त्यांनी वहिनींकडून सगळं ऐकून घेतलं आणि महाराजांना नमस्कार केला.

"महाराज, एकदा कापड न घालता करून दाखवाल?"

"अशक्य! उघड्यावर आत्म्याला संकोच होतो."

"एवढ्या गर्दीसमोर इंग्रजी लिहायला होत नाही तो संकोच?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांनी डोळे वटारले. "बाई, शाप लागेल!"

"लागला तर मला लागेल. वहिनी, हात घालू ना आत?"

"घाला बाई," वहिनी ठामपणे म्हणाल्या.

बाईंनी आधी वीज बंद केली, वायर काढली. मग आतली चपटी, करड्या रंगाची वायरची पट्टी सगळ्यांना दाखवली. "या एका पट्टीवर दोन डिस्क जोडल्यात. वहिनींची आणि विरूपाक्षअण्णांची. आता अण्णांच्या डिस्कची पट्टी मी काढते. मंत्र म्हणून बेचा पाढा म्हणते."

बे दाही वीस होईतो कॉम्प्युटर सुरू झाला. पुन्हा बंद करून पट्टी जोडली, पुन्हा काळा पडदा. गुंडू दाराकडे सरकू लागला. झुंबरबाईंनी फुलांची पाटी त्याला आडवी घातली.

"कुठं निगालास? कापडात डोस्कं घालून ह्येच करत हुतास न्हवं?"

"महाराजांनीच सांगितलं ओ!" गुंडू रडकुंडीला आला. "मी आधी कॉम्प्युटरच्या दुकानात हुतो. पट्टी काडायची आन घालायची, येवडंच माजं काम."

महाराज भगव्या कापडाची घडी घालू लागले.

"पण बाई," प्रभुलिंगनं विचारलं, "पट्टी जोडल्यावर बंद का पडतंय? त्यात तर गुंडूचा हात न्हवता."

"हा खरा प्रश्न!" बाई खूश झाल्या. त्यांनी वीज तोडून दोन्ही डिस्क बाहेर काढल्या आणि प्रभुलिंगच्या हातात दिल्या. "मागं पिना दिसतात? त्यांतल्या दोनांवर इवलंसं टोपण आहे. त्याला जंपर म्हणतात. ते कुठं बसवलंय, त्यावरून कॉम्प्युटरला कळतं, पहिली डिस्क कोणती आणि दुसरी कोणती. या दोन्ही एकेकट्या होत्या तेव्हा आपापल्या घरी पहिल्याच होत्या. आता एका पट्टीवर आल्या तरी दोघी 'मीच पहिली' म्हणतात. कॉम्प्युटर दोघींचंही ऐकू शकत नाही. टोपण कुठं हवं, ते या कागदावर छापलंय, बघा."

डिस्कवर चिकटवलेलं चित्र प्रभुलिंगनं निरखून पाहिलं. बाईंनी चिमट्यानं विरूपाक्षच्या डिस्कवरचं टोपण उचलून चित्राप्रमाणे बसवलं. दोन्ही डिस्क जोडल्या. वहिनींनी बटण दाबलं.

निळं आभाळ आलं. वहिनींनी माऊस हलवला, दुसरी डिस्क उघडली. कोश जसाच्या तसा होता. त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, "अडकित्ता... तूप... कानडीत तुप्पा..."

"तूप बी कानडी व्हय?" झुंबरबाई चकित झाल्या आणि सगळी गल्ली हसली. वहिनी हसता हसता डोळे पुसत होत्या. या गडबडीत यंत्रेश्वर महाराज नारळ टाकून जीपपर्यंत पोचले होते. सोडायला मात्र कुणी गेलं नाही.

मेकॅनिकला कारण सापडलं नाही, यात त्याचा गुन्हा नव्हता. सगळ्यांनाच सगळं येत नाही. चुकलं ते पुढं. 'मला माहीत नाही' या रिकाम्या जागेत आपण महाराजांना पाट मांडून बसवलं. मंडळी, ती जागा रिकामीच ठेवा. तिथं प्रश्न येऊ द्या. कुणी चमत्कार दाखवला, तर एवढंच म्हणा, कापड काढून दाखवा.

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई संघप्रियाबाईंना म्हणाल्या, "बाई, माजा मिक्सर फिरंना झालाय. पर आदी पिलग बघतो, मग वायर बघतो. तरी न्हाई फिरला, तर कुणाला तरी इचारतो. पर मठात काय जात न्हाई!"