अंगठ्याची खळगी

मित्रांनो, विटा पाडायचा एक जुना लाकडी साचा तुमच्याशी बोलतो आहे. मला चार भिंती आहेत, धरायला दोन मुठी आहेत, पण तळ नाही. त्यामुळे पोटात काही ठेवायची मला सवयच नाही.

सुताराने मला घडवले तेव्हा माझ्या मुठी अगदी गुळगुळीत होत्या. भट्टीवर मी आईच्या हाती आलो. तिला सगळे आईच म्हणत. नवऱ्याच्या आजारपणात तिने मालकाकडून उचल घेतली होती, म्हणजे कामाआधीच मजुरीचे पैसे. ते फिटेपर्यंत भट्टी सोडायची नाही, असा मालकाचा हुकूम होता. आई माझ्यात चिखल थापायची, मला अलगद उचलायची आणि खाली ओली वीट राहायची. तिची वीट इतकी रेखीव, की मालकसुद्धा वाखाणायचा. वाखाणायला त्याचे काय जात होते! तिने घरी जायचे नाव काढले की मात्र "अजून कुठं फिटलंय?" हे ठरलेले.

राबता राबता आई गेली. मालकाने मला तिच्या लेकीपुढे टाकले. "आईचं राहिलेलं आता तू फेड." माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

एके दिवशी तपासणीला सरकारी मॅडम आल्या. मालक एकदम गोड झाला. "ही माणसं कालच आलीत, मॅडम. पाहुणेच म्हणा ना! कुणाला डांबून ठेवायला आम्ही काय राक्षस आहोत?"

मजूर माना खाली घालून उभे राहिले. मॅडम गाडीकडे वळल्या. त्या तशाच गेल्या असत्या, तर लेकीचा आणि तिच्या कडेवरच्या पोरीचाही जन्म तिथेच गेला असता.

लेकीने मला उचलले आणि त्यांची वाट अडवली.

"मॅडम, ही मूठ बघा. ही खळगी माझ्या आईच्या अंगठ्यानं पडलीय. आता माझा अंगठा तिच्यात बसतो. लाकूड काय एका दिवसात झिजतं?"

"ठेव तो साचा खाली!" मालक खेकसला.

"नाही ठेवणार. आजवर तुम्ही सांगितलं म्हणून उचलला. आज मी माझ्या मनानं उचललाय."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझा अभिमान वाटला. मागून एकेक मजूर आपापला साचा घेऊन पुढे आला. सगळ्यांच्या मुठी झिजलेल्या होत्या. मॅडमनी गाडी बंद करायला लावली. उचलीपायी कुणालाच डांबून ठेवता येत नाही आणि आईचे देणे लेकीच्या गळ्यात बांधता येत नाही, हे त्यांनी मालकाला सगळ्यांसमोर सुनावले. त्याच दिवशी माणसे भट्टीबाहेर पडली आणि लेकीने मलाही काखेत मारले.

आता मी तिच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असतो. परवा शेजारीण म्हणाली, "खळगी बुजवून पॉलिश कर, शोभेला छान दिसेल." म्हाताऱ्या वस्तू तुमच्याकडे तेलपाणी मागतात. मी मागत नाही. हवे तर मला चुलीत घाला, पण माझी खळगी बुजवू नका.

लेकीची पोर कधी कधी स्टुलावर चढते आणि खळगीत अंगठा घालून बघते. तो इवलासा अंगठा तिथे हरवून जातो. मोठा झाला तरी तो इथे बसता कामा नये, असे लेकीने मला बजावले आहे. मला ते बजावायची गरज नव्हती.