उपयोग कळवावा

मिस्त्रीने बेसिनच्या कडेखाली छिन्नी लावली आणि हातोडीचा पहिला ठोका घातला. भांड्याभोवतीचा सिमेंटचा पट्टा तडकला आणि चिमूटभर भुकटी खाली सांडली.

"हळू," तो म्हणाला.

"हळूच मारतोय, साहेब. पण बसवतानाच पक्कं बसवलंय. काढायचं म्हणून कोण बसवतं?"

तो मिस्त्रीच्या मागेच उभा राहिला. बेसिन त्याच्या गुडघ्याच्या किंचित वर होतं आणि आकाराने वाडग्याचा थोरला भाऊ म्हणावा एवढंच. मोठ्या माणसाला त्यात हात धुवायचे तर उकिडवंच बसायला हवं. मिस्त्रीने ते बसवलं तेव्हा एक-दोन गमती केल्या असत्या, एरवी त्याच्या तोंडाला टाळं नसायचं. पण या खोलीत तो पहिल्यापासून कामापुरतंच बोलत होता. त्याला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

"संध्याकाळपर्यंत रंगाचा हातही व्हायला हवा," तो म्हणाला. "पांढरा. पिवळा अजिबात दिसता कामा नये."

"एका हातात नाही झाकला जायचा."

"मग दोन मारा."

ऑफिसात त्याला सगळे खानेवाले म्हणत. खाण्याशी याचा काही संबंध नव्हता. डबासुद्धा तो अर्धा परत नेई. बांधकामाच्या त्या कंपनीत दर इमारतीमागे जी ढीगभर माहिती गोळा होते, नकाशे, मोजमापं, खिडक्या, नळ, बिजागऱ्या, त्या प्रत्येक गोष्टीला खाना ठरवून देणं हे त्याचं काम. खिडकी कुठल्या प्रकारची, कुठल्या मजल्यावरची, कुठल्या खोलीतली, सगळ्याला एकेक आकडा. त्याआधी कंपनीत कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. एकाच दाराला तीन माणसं तीन नावांनी हाक मारत आणि दार चौथ्याच इमारतीत जाऊन पडे. त्याने वर्षानुवर्षं बसून ही सगळी व्यवस्था उभी केली होती आणि तिच्यात एक गोष्ट त्याने हट्टाने येऊ दिली नव्हती, ती म्हणजे 'इतर' नावाचा खाना. "इतर हा आळशी माणसाचा अडगळीचा कोपरा," तो नव्या लोकांना बजावायचा. "ज्याच्याकडे नीट बघायचं नाही, ते माणूस तिथे टाकतो."

या व्यवस्थेत सगळ्यात वजनदार आकडा खोलीचा. ही खोली कशासाठी, एवढं एकदा लिहिलं की बाकीचं आपोआप मागोमाग यायचं. स्वयंपाकघर लिहिलं की ओटा, दिवे, धूर ओढणारा पंखा यांची मागणी आपली आपण सुटायची. कामगाराने वस्तू बसवली की मिस्त्री फोनवर 'बसवले' दाबायचा आणि घरमालकाला तसा निरोप जायचा. एखाद्या खोलीचा रकाना रिकामा राहिला, तर मात्र तिचं काम जागच्या जागी थांबायचं आणि मालकाला विचारणा जायची: उपयोग कळवावा. मालकाचं उत्तर खानेवाल्याच्या फोनवर उतरायचं.

स्वतःचं घर बांधायला काढलं तेव्हा त्याने ते मोठ्या साहेबांच्या परवानगीने याच व्यवस्थेत घातलं. "स्वतःच्याच घरावर प्रयोग?" साहेब हसले होते. "बायकोला विचारलंत ना?"

बायकोला विचारलं होतं. तिनेच तर मागच्या खोलीपुढे त्याच्याकडून लिहून घेतलं होतं, बाळाची खोली. पोट नुकतं कुठे दिसायला लागलं होतं. मग त्याने त्या खोलीसाठी खास खाना बनवला. खिडकीला दाट उभे गज, प्लगचे पॉइंट उंचावर, पडलं तरी लागू नये म्हणून रबरी फरशी, फिकट पिवळा रंग आणि कोपऱ्यात ते बुटकं बेसिन.

"अजून जन्माला यायचंय," ती हसून लोटपोट झाली होती, "आणि ह्यांनी हात धुवायची सोय केलीसुद्धा!"

"चालायला लागल्यावर लागेलच ना."

"चिखलात खेळून येईल म्हणतोस?"

"येईलच. तुझ्यावर गेली तर नक्कीच."

आठव्या महिन्यात दवाखान्यात मुलगी झाली. ती रडली नाही. नर्सने तिला दुपट्यात गुंडाळून थोडा वेळ त्यांच्याजवळ दिलं होतं आणि तिचे हात बघून त्याच्या मनात आलं होतं की बोटं आपल्यासारखी लांब आहेत. ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

दवाखान्यातून भाड्याच्या घरी परतल्यावर ती रडायची आणि तो घर आवरायचा. भांडी उंचीप्रमाणे लावायचा, औषधं वेळेप्रमाणे. ऑफिसातही तो लगेच रुजू झाला. एकदा ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुला काहीच होत नाही का रे?" तोंडातून निघालं ते भलतंच. "चहा ठेवू का?" तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी ती ताईकडे, तिच्या थोरल्या बहिणीकडे निघून गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. बॅग भरली आणि गेली, त्यामुळे परत कधी येणार हे विचारायलाही त्याला जागा राहिली नाही.

इकडे घराचं काम चालूच होतं. बाकीच्या खोल्यांचे आकडे तो रोज तपासायचा, पण मागच्या खोलीच्या ओळीवर आला की त्याचा हात आखडायचा. तो खाना बदलायला हवा हे त्याला कळत होतं. काळजावर दगड ठेवून एकदा बदलला की झालं, असं तो रोज स्वतःला सांगायचा आणि रोज ती ओळ तशीच सोडून खालच्या ओळीवर जायचा. व्यवस्थेला यातलं काय कळणार! तिला बाळाची खोली म्हणून सांगितलं होतं, ती इमानेइतबारे बाळाची खोली करत राहिली. गज आले, रबरी फरशी आली, पिवळा रंग लागला. परवा बेसिनही बसलं.

आणि आज सकाळी बायकोचा फोन आला.

"संध्याकाळी येते मी. घर बघायला."

"ये," तो म्हणाला. इतक्या दिवसांनी ती आपण होऊन येतेय आणि दार उघडून बघणार काय, तर हे. ती पुन्हा ताईकडे गेली तर कायमचीच जाईल, असं त्याला वाटलं. मग जे इतके दिवस जमलं नव्हतं, ते त्याने उभ्या उभ्या केलं. ओळ उघडली, 'बाळाची खोली' पुसलं, 'सामानाची खोली' लिहिलं आणि मिस्त्रीला हाक मारली.

बेसिन भिंतीतून सुटलं तेव्हा त्याची एका बाजूची कड थोडी उडाली. मिस्त्रीने ते दोन्ही हातांनी उचलून बाहेर अंगणातल्या नळाजवळ नेऊन ठेवलं. भिंतीतलं भोक सिमेंटने बुजवलं, फरशीच्या लाद्या उचलल्या, रंगाचे दोन हात मारले. तो स्वतः झाडू घेऊन खोली झाडत राहिला. झाडण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी झाडत राहिला.

ती आली तेव्हा उन्हं कलली होती. बारीक झाली होती. केस मागे घट्ट बांधलेले, हातात कापडी पिशवी. मिस्त्री तिला बघून उठला, "या वहिनी" म्हणाला आणि पुढच्या खोलीत कामाच्या निमित्ताने निघून गेला.

"आधी स्वयंपाकघर बघतेस?" तो म्हणाला. "ओटा छान झालाय. तुला हवा होता तेवढाच उंच."

"नको. मागची खोली."

"तिथे काही नाही. सामान ठेवायला केलीय."

ती थांबली नाही. त्याच्याआधी ती खोलीत शिरली आणि मधोमध उभी राहिली. ओल्या रंगाचा वास भरून राहिला होता. तिने खिडकीकडे पाहिलं, पायाखाली पाहिलं आणि मग ती सरळ कोपऱ्याकडे वळली. त्या कोपऱ्यात नवा गिलावा अजून वाळला नव्हता, पांढऱ्या भिंतीत तेवढाच तुकडा करडा दिसत होता. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"बेसिन कुठंय?"

"तुला कसं..." तो म्हणाला.

तिने पिशवीतून फोन काढून त्याच्यापुढे धरला. घराची मालकीण म्हणून त्यानेच तर तिचा नंबर घातला होता आणि साफ विसरला होता. निरोप ओळीने उभे होते. बाळाची खोली: खिडकीचे गज बसवले. बाळाची खोली: रबरी फरशी बसवली. बाळाची खोली: रंगकाम पूर्ण. बाळाची खोली: बेसिन, कमी उंचीचे, बसवले.

दुसऱ्या कुणाच्या घरात अशी चूक झाली नसती. निरोप कुणाला जातो हे दहा इमारतींच्या बाबतीत त्याला पाठ होतं. आपल्या घरातून आपल्याच बायकोला ताईच्या घरी काय काय जाऊन पोचतंय, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"माफ कर," तो कसाबसा म्हणाला. "मला हे थांबवायला हवं होतं. तुला किती त्रास झाला असेल..."

"पहिला आला तेव्हा फोन फेकून दिला होता मी," ती म्हणाली. "ताई म्हणाली, त्याला फोन लाव, बंद करायला सांग. नाही लावला. मग दुसरा आला. मग मी वाटच बघायला लागले." तिने गिलाव्यावरून बोटं फिरवली, बोटांना ओलं सिमेंट लागलं. "मला वाटलं, तू मुद्दाम करतोयस. बोलता येत नाही याला, म्हणून तिची खोली पूर्ण करतोय. बेसिन बसवल्याचं कळलं तेव्हा ताईला म्हटलं, मी जाते. मला ते बघायचंय."

खोटं बोलणं सोपं होतं. हो, मुद्दामच करत होतो, एवढं म्हटलं असतं तर कदाचित सगळं सावरलंही असतं.

"मुद्दाम नव्हतं," तो म्हणाला. "ती ओळ उघडायचीच माझी हिंमत होत नव्हती. रोज जायचो तिथपर्यंत. हातच चालायचा नाही."

तिने सिमेंटची बोटं एकमेकांवर चोळली.

"आणि आज?"

"आज तू येणार म्हणालीस. तुला दिसू नये म्हणून..." त्याचा चेहरा आक्रसला आणि तो भिंतीला पाठ टेकून खाली बसला. "तिची बोटं माझ्यासारखी होती गं," तो म्हणाला आणि इतक्या दिवसांचं एकदमच बाहेर आलं. तो रडत होता ते कसलंही वळण नसलेलं, नाक गळणारं, पोटातून हिसके देणारं रडणं. पुढच्या खोलीतला गिलावा घासल्याचा आवाज थांबला आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

ती त्याच्याजवळ आली नाही. उठून बाहेर गेली. अंगणातल्या नळाजवळ बेसिनमध्ये कुणीतरी थापी आणि ओला ब्रश ठेवला होता. तिने ते बाजूला काढलं, नळ सोडला आणि हाताने घासून घासून बेसिन आतून बाहेरून धुतलं. उडालेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग ते पोटाशी धरून आत आणलं आणि कोपऱ्यात, करड्या चौकोनाखाली ठेवून दिलं. पाणी गळून उघड्या जमिनीवर ओघळ गेला.

"आता काय लिहिलंयस या खोलीपुढे?"

"सामानाची खोली."

"म्हणजे इतरच की."

त्याने मान वर केली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. हा शब्द आजवर त्याच्या तक्त्यात शिरवायची कुणाची हिंमत झाली नव्हती, आणि त्याने तो स्वतःच्या हाताने कुणावर लिहिला होता हे त्याला आत्ता दिसलं.

"परत आधीसारखं लिहितो," तो फोन काढत म्हणाला. "उद्या सगळं परत बसवू. मिस्त्रीला सांगतो."

"नको."

"मग?"

"ते आता खरं नाही ना रे." ती त्याच्या शेजारी, पण हातभर अंतर ठेवून बसली. "आणि सामानाचीही नको."

"काहीतरी लिहावं तर लागतंच. नाहीतर काम अडतं."

"अडू दे."

त्याने ओळ उघडली. 'सामानाची खोली' एकेक अक्षर करत पुसलं. रकाना रिकामा झाला. आपल्या हाताने रिकामा सोडलेला हा त्याचा पहिलाच रकाना होता. त्याने तो तसाच ठेवला आणि फोन जमिनीवर पालथा घातला.

बाहेर अंधारून यायला लागलं. या खोलीत दिवा अजून बसला नव्हता. मिस्त्री दारातून डोकावला, दोघांना बघून मागे फिरला आणि बाहेरचं फाटक हलकेच ओढून घेतल्याचा आवाज आला.

मग तिच्या मांडीवरचा फोन वाजला. उजेडात तिचा चेहरा क्षणभर दिसला, डोळे सुजलेले. निरोप काय असणार हे त्याला तोंडपाठ होतं, त्यातला शब्द न् शब्द त्यानेच तर लिहिला होता. मागची खोली: उपयोग कळवावा. पुन्हा चूक झाली, हेही थांबवायचं राहिलंच, या विचाराने तो हात पुढे करणार होता. पण ती लिहीत होती. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. बराच वेळ लागला तिला.

त्याचा फोन जमिनीवर थरथरला. त्याने उलटा करून वाचलं. ती शेजारीच बसली होती, तरी त्याने पुन्हा पुन्हा वाचलं.

'अजून ठरलं नाही. दोघं मिळून कळवू.'

त्याने काही विचारलं नाही. ती आज ताईकडे परत जाणार होती की नाही, हेही नाही. कोपऱ्यात बेसिनखालचा ओघळ सावकाश त्यांच्या दिशेने येत होता. ती पाय मागे घेईना, म्हणून त्यानेही घेतले नाहीत.